जगन्नाथ शंकरशेट

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना शंकरशेट (१० फेब्रुवारी १८०३ – ३१ जुलै १८६५) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे एक प्रमुख व्यापारी, दानशूर नागरिक आणि पश्चिम भारतातील आधुनिक शिक्षणाचे प्रवर्तक होते. मुंबईतील रेल्वे, वैद्यकीय महाविद्यालय, वस्तुसंग्रहालय, विद्यापीठ आणि पहिली राजकीय संघटना अशा अनेक उपक्रमांच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. या सर्व कार्यांत शिक्षणाला त्यांनी अग्रस्थान दिले. शाळा सरकारच्या किंवा शिक्षकांच्या भरवशावर न सोडता नागरिकांच्या मंडळ्या, विद्यार्थ्यांच्या सभा, व्यापाऱ्यांच्या देणग्या आणि शहरातील सार्वजनिक संस्था यांच्याशी जोडणे, हे त्यांच्या शिक्षणकार्याचे वैशिष्ट्य होते.

प्रारंभिक जीवन

जगन्नाथ यांचा जन्म ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे एका सधन दैवज्ञ कुटुंबात झाला. वडील शंकरशेट हे मुंबईतील नामांकित व्यापारी होते. आई भवानीबाई यांचे निधन जगन्नाथ लहान असतानाच झाले. त्यांचे शिक्षण घरी शिक्षक ठेवून झाले आणि मराठी व संस्कृतबरोबर इंग्रजीचेही चांगले ज्ञान त्यांना मिळाले. १८२२ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर कुटुंबाचा व्यापार आणि मोठी संपत्ती वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या हाती आली. गिरगावातील त्यांचा वाडा पुढे अनेक सार्वजनिक कार्यांचे केंद्र बनला.

शाळापुस्तक मंडळी

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने १८२२ मध्ये एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. मराठीत ती हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी या नावाने ओळखली जाई. १८२७ पासून तिला बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणू लागले. जगन्नाथ तिच्या कार्याशी तरुणपणीच जोडले गेले.

त्या काळात गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत छापील क्रमिक पुस्तके नव्हती. मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवत आणि पाढे घोकून पाठ करत. मंडळीने मराठी व गुजराती पुस्तके तयार करवून छापली, शिक्षक घडवले आणि शाळांना दोन्ही पुरवले. कर्नल जॉर्ज जर्व्हिस, सदाशिव काशीनाथ छत्रे आणि पुढे बाळशास्त्री जांभेकर यांनी तिच्या कामाचा मोठा भार वाहिला. छत्रे यांची बाळमित्र व इसापनीतिकथा ही पुस्तके याच चळवळीतून मराठी मुलांच्या हाती पडली.

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी दोन लाख रुपयांहून अधिक निधी जमवला. तो इंग्रजी भाषा आणि पाश्चात्त्य शास्त्रे शिकवणाऱ्या अध्यापकांसाठी वापरण्याचे ठरले. त्यातूनच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. नागरिकांच्या वर्गणीतून उच्च शिक्षणाची संस्था निर्माण होण्याचे हे मुंबईतील आरंभीचे मोठे उदाहरण होय.

शिक्षणमंडळ आणि माध्यमाचा वाद

१८४० मध्ये सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन हे शिक्षणमंडळ नेमले आणि सोसायटीच्या शाळा त्याच्याकडे सोपवल्या. मंडळावर एतद्देशीय सभासदही होते. जगन्नाथ त्यांपैकी एक. मंडळ विसर्जित होईपर्यंत ते सभासद राहिले.

मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांच्या मते उपलब्ध निधी थोडा असल्याने तो निवडक विद्यार्थ्यांना इंग्रजीतून उच्च शिक्षण देण्यासाठी वापरावा. त्यांच्याकडून ज्ञान हळूहळू खालच्या थरांपर्यंत झिरपेल. जगन्नाथ, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्व्हिस यांनी या धोरणास विरोध केला. जगन्नाथ इंग्रजीच्या विरोधात नव्हते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे ते खंबीर पाठीराखे होते. परंतु सामान्य जनतेपर्यंत विद्या पोहोचवायची असेल, तर ती लोकांच्या भाषेतूनच दिली पाहिजे आणि त्यासाठी देशी भाषांत शास्त्रीय ग्रंथ निर्माण केले पाहिजेत, अशी भूमिका त्यांनी १८४७ मध्ये मंडळापुढे लेखी मांडली. शिक्षण मूठभरांचे राहणार की सर्वांचे होणार, हा या वादाचा गाभा होता. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यात उच्च शिक्षणासाठी इंग्रजी आणि जनसामान्यांच्या शिक्षणासाठी देशी भाषा, अशी दोन्हींना जागा देण्यात आली.

विद्यार्थ्यांची सभा आणि मुलींच्या शाळा

१८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थी व अध्यापकांनी प्रा. जोसेफ पॅटन यांच्या मार्गदर्शनाखाली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. वर्गात शिकलेल्या विषयांवर निबंध वाचणे व चर्चा करणे, हे तिचे मुख्य काम होते. तिच्याशी संलग्न ज्ञानप्रसारक सभांमधून मराठी आणि गुजराती भाषांत व्याख्याने होऊ लागली व महाविद्यालयातील ज्ञान शहरातील लोकांपर्यंत जाऊ लागले.

१८४९ मध्ये या सभेने मुलींसाठी शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी यांच्यासारखे तरुण घरोघर जाऊन पालकांची समजूत घालत आणि स्वतःचा अभ्यास सांभाळून विनावेतन शिकवत. मुंबईत मिशनऱ्यांनी मुलींच्या शाळा यापूर्वीच सुरू केल्या होत्या. परंतु धर्मांतराच्या भीतीने बहुतेक प्रतिष्ठित कुटुंबे मुलींना तेथे पाठवत नसत. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये काढलेल्या शाळेलाही तीव्र विरोध सहन करावा लागला होता.

अशा वेळी जगन्नाथ यांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात मुलींच्या शाळेला जागा दिली आणि तिचा आर्थिक भारही उचलला. ते धर्मनिष्ठ हिंदू म्हणून परिचित होते. त्यामुळे त्यांच्या वाड्यात भरणाऱ्या शाळेविषयी पालकांना विश्वास वाटला. सनातनी मंडळींचा रोष पत्करून त्यांनी ही शाळा चालू ठेवली. विद्यार्थ्यांचा उत्साह, सभेची शिस्त आणि एका गृहस्थाचा वाडा यांच्या एकत्र येण्यातून मुंबईतील मुलींच्या शिक्षणाला स्थानिक आधार मिळाला.

वर्गाबाहेरील संस्था

शिकलेल्या तरुणांना पुढील मार्ग खुले व्हावेत, यासाठी जगन्नाथ यांनी इतर संस्थांच्या उभारणीतही भाग घेतला. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे साहाय्य लाभले. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या कलाशाळेच्या व्यवस्थेतही ते सहभागी होते. या शाळेचे आरंभीचे वर्ग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्येच भरत. त्याच वर्षी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांचा समावेश होता.

कोट भागातील लष्करी बराकीत १८५७ मध्ये शेती, हस्तव्यवसाय व निसर्ग यांविषयीच्या वस्तूंचे संग्रहालय उघडले गेले; पण उठावाच्या धामधुमीत जागा लष्कराला लागल्याने संग्रहाची वाताहत झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ यांनी पुढाकार घेऊन स्वतंत्र इमारतीसाठी निधी उभारला. १८६२ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत तिची पायाभरणी झाली. १८७२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले, तेव्हा जगन्नाथ हयात नव्हते. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय या नावाने ओळखले जाते.

राजकीय व सार्वजनिक कार्य

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ तिचे अध्यक्ष होते. हिंदी लोकांची गाऱ्हाणी ब्रिटिश पार्लमेंटपुढे अर्जाद्वारे मांडणारी ही मुंबईतील पहिली राजकीय संस्था होय. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर धावलेल्या देशातील पहिल्या प्रवासी रेल्वेच्या प्रवर्तकांमध्येही त्यांची गणना होते. १८५७ च्या उठावात त्यांच्यावर संशय घेण्यात आला. मात्र चौकशीत काहीही सिद्ध झाले नाही. १८६२ मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद झाले.

निधन आणि वारसा

जगन्नाथ शंकरशेट यांचे ३१ जुलै १८६५ रोजी मुंबईत निधन झाले. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. गिरगावातील जगन्नाथ शंकरशेट मार्ग आणि ग्रँट रोडजवळील नाना चौक त्यांच्या नावाने ओळखले जातात. शालान्त परीक्षेत संस्कृत विषयात सर्वोच्च यश मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावे सुरू झालेली शिष्यवृत्ती महाराष्ट्रात विशेष प्रतिष्ठेची मानली जाते. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख यांनी १९१२ मध्ये ती मिळवली होती.

नाना शंकरशेट यांनी शिक्षकाचा पेशा केला नाही. तरीही पाठ्यपुस्तके, शिक्षक, जागा, निधी आणि वर्गाबाहेरील संस्था यांची शाळेशी सांगड घालून त्यांनी शिक्षणाची जबाबदारी मुंबईच्या नागरी जीवनाचा भाग बनवली.