भांडारकरांची ग्रंथखरेदी

आर्थिक वर्ष संपत आले की महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जी धांदल उडते, ती शिक्षकांना आणि लेखनिकांना नवी नाही. अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्ची पडले पाहिजे, म्हणून विक्रेत्याने आणलेल्या यादीवर प्राध्यापकांच्या सह्या होतात, दाखल-नोंदवहीत क्रमांक चढतात आणि पुस्तके कपाटात जातात. ती कोण वाचणार, हे विचारण्यास त्या आठवड्यात कोणालाच सवड नसते. सरकारी पैशाने आणि सरकारी वर्षाच्या हिशेबातच, परंतु अगदी निराळ्या रीतीने ग्रंथ जमविणारा एक प्राध्यापक महाराष्ट्रात होऊन गेला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे संस्कृतचे पंडित आणि प्रार्थनासमाजाचे धुरीण म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या ग्रंथसंग्रहणाची ओळख मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारशी गेलेली नाही.

६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे जन्मलेले भांडारकर रत्नागिरीच्या शाळेत आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानड्यांसह तेही होते. सिंधमधील हैदराबाद आणि रत्नागिरी येथे मुख्याध्यापकी केल्यानंतर एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतच्या प्राध्यापकपदाचे काम त्यांनी काही वर्षे हंगामी म्हणून सांभाळले. कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा ती विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली. त्या काळच्या सरकारी नोकरीतील न्याय असाच होता. पुढे हस्तलिखितांच्या शोधाचे काम सरकारने याच दोघांवर सोपविले, हा योगायोग मोठा मार्मिक म्हणावा लागेल.

हा शोध मुंबई सरकारने १८६६ साली सुरू केला होता. ब्यूलर आणि कीलहॉर्न या जर्मन पंडितांनी त्याचा पाया घातला. ब्यूलर यांचा उत्साह दांडगा. १८७५ मध्ये ते थेट काश्मीरपर्यंत जाऊन आले. मात्र त्यांच्या काळात जैन ग्रंथांच्या जादा ठरलेल्या प्रती सरकारच्या संमतीने बर्लिनच्या ग्रंथालयाकडे रवाना झाल्या, हेही विसरता येत नाही. १८८० च्या सुमारास हे दोघे मायदेशी परतू लागले आणि काम भांडारकर व पीटरसन यांच्याकडे आले. १८८२ मध्ये भांडारकर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. सरकारी संग्रह आधीच एल्फिन्स्टनमधून तेथे आणलेला होता. त्यामुळे खरेदी करणारा, ती तपासणारा आणि तिचा उपयोग करणारा माणूस एकच झाला.

भांडारकरांची खरेदी पोथी कपाटात गेल्याने संपत नसे. वर्षभरात मिळालेल्या पोथ्यांची यादी होई. त्यांतील महत्त्वाच्या पोथ्यांचे उतारे निवडले जात, कर्त्याचा काळ आणि कुळ यांचा ऊहापोह होई आणि हे सर्व सरकारला सादर करावयाच्या अहवालात छापले जाई. वरिष्ठांच्या दप्तरात धूळ खात पडावा अशा कागदाला त्यांनी संशोधनग्रंथाची प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रत्येक वर्षाची खरेदी स्वतंत्र संग्रह म्हणून ठेवण्याची पद्धतही सोयीची होती. अमुक क्रमांक, १८८१-८२, एवढे म्हटले की विद्वानाला नेमकी पोथी सांगता येते. आजही ती याच खुणेने ओळखली जाते. १८८८ साली त्यांचे पुत्र श्रीधर यांनी या साऱ्या संग्रहांची एकत्र सूची प्रसिद्ध केली.

एक प्रत असताना दुसरी कशाला, हा हिशेबतपासनिसाचा आवडता प्रश्न. छापील पुस्तकाच्या बाबतीत तो रास्त असेल. पोथीच्या बाबतीत तो घातक ठरतो, कारण हाताने नकललेल्या दोन प्रती कधीच सारख्या नसतात. हेमाद्रीच्या व्रतखंडाचेच पाहा. व्रतवैकल्यांचा हा ग्रंथ इतिहासाच्या अभ्यासकाने सहसा उघडलाही नसता. परंतु त्याच्या आरंभी देवगिरीच्या यादव राजांची प्रशस्ती आहे. निरनिराळ्या हस्तलिखितांतील तिचा पाठ ताडून भांडारकरांनी तो सिद्ध केला आणि १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात यादवांची वंशावळ लावताना त्याचा आधार घेतला. ज्या राजवटीच्या छायेत मराठी ग्रंथरचना बहरली, तिचा इतिहास अशा रीतीने धर्मशास्त्राच्या पोथ्यांतून हाती आला.

१८९३ मध्ये ते निवृत्त झाले आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून दोन वर्षे त्यांनी काम पाहिले. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. आयुष्यभर जमविलेला स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांनी या संस्थेला दिला. विद्वानाच्या मागे त्याची पुस्तके वारसांत वाटली जाण्याची किंवा रद्दीत निघण्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून या देणगीचे मोल विशेष. १ एप्रिल १९१८ रोजी १७,००० हून अधिक हस्तलिखितांचा सरकारी संग्रहही डेक्कन महाविद्यालयातून तेथे आला.

बरोबर एक वर्षाने, १ एप्रिल १९१९ रोजी, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ भांडारकरांच्याच हस्ते झाला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते निवर्तले, तेव्हा तिचा पहिला भागही छापून झाला नव्हता. १९६६ साली ती पुरी होईपर्यंत ठिकठिकाणच्या १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. त्यांत विश्रामबाग वाड्यातील जुन्या संस्कृत पाठशाळेकडून सरकारी संग्रहात आलेल्या प्रतीही होत्या.