दारूविरुद्धचा धडा शाळेत नेणाऱ्या मेरी हंट

शेतकरी बंधूंनो, दारूबंदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुत्त्यावर चालून गेलेल्या बायकाच येतात. पण अमेरिकेतल्या एका बाईने गुत्त्याऐवजी शाळेची वाट धरली. तिची हकिकत सरपंच आणि शाळा समितीच्या मंडळींनी जरूर वाचावी.

मेरी हंट यांचा जन्म १८३० सालचा, कनेक्टिकट राज्यातला. वडील लोखंडकामातले आणि दारूविरोधी चळवळीतले. मुलींच्या विद्यालयात शिकून मेरीबाई तिथेच विज्ञान शिकवू लागल्या. १८५२ मध्ये लग्न झालं. पुढे बिऱ्हाड बोस्टनजवळच्या हाइड पार्क गावी आलं. मुलगा आल्फ्रेड रसायनशास्त्र शिकत होता. त्याच्या अभ्यासाला हातभार लावताना अल्कोहोल शरीरात जाऊन काय करतं, हे बाईंच्या वाचनात आलं. (हाच आल्फ्रेड पुढे अ‍ॅल्युमिनियमची मोठी कंपनी काढणाऱ्यांपैकी एक झाला. आपल्या घरातलं पातेलं स्वस्त झालं, त्यात त्या कंपनीचाही वाटा आहे.)

बाईंच्या मनात आलं, पिणाऱ्याला सांगून उपयोग थोडा, पोरांनाच आधी शिकवावं. त्यांनी गावच्या शाळा समितीला राजी केलं आणि धडा सुरू झाला. १८८० मध्ये वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन या महिला संघटनेने देशभरच्या शालेय शिक्षणाचं काम त्यांच्याकडे दिलं. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, त्यांनी याच संघटनेशी नातं जोडलं होतं.

आता बघा, बायकांना तिथे तेव्हा बहुतेक ठिकाणी मताचा अधिकारच नव्हता. तरी मेरीबाईंनी गावोगावच्या बायका उभ्या केल्या, आमदारांच्या मागे तगादा लावला. १८८२ मध्ये व्हरमाँट राज्याने पहिला कायदा केला, १८८६ मध्ये केंद्राच्या ताब्यातल्या शाळांसाठी कायदा झाला आणि १९०२ पर्यंत एकही राज्य उरलं नाही. सरकारी शाळेत दारूचे परिणाम शिकवणं सक्तीचं झालं.

इथवर सगळं छान. गाडी अडली ती पुस्तकांत. कोणतं पुस्तक चालेल, हे बाई ठरवू लागल्या आणि त्यांच्या पसंतीचा शिक्का नसलेलं पुस्तक खपेना. काही पुस्तकांत भलतंच छापलं गेलं. दारूने घशाची कातडी जळून जाते, बीअर पिणारे बहुतेक जलोदराने मरतात, वगैरे. आता ज्या पोराचा आजा रोज घोटभर पिऊन शेतात जातो, ते यावर काय विश्वास ठेवणार? आम्ही विस्तारवाले हे रोज अनुभवतो. औषधाच्या मात्रेबाबत एक गोष्ट वाढवून सांगितली की शेतकरी उरलेल्या नऊ खऱ्या गोष्टीही ऐकत नाही. यकृत खराब होतं, हात कापतात, घर कर्जात जातं, एवढं खरं सांगितलं तरी पुरे होतं.

१९०३ मध्ये विद्वानांच्या एका समितीने या शिकवणीवर कडक टीका केली. बाईंनी लेखी उत्तर दिलं, पण माघार घेतली नाही. १९०६ मध्ये त्या वारल्या. १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू झाली, १९३३ मध्ये उठली. शाळेतला धडा मात्र बऱ्याच राज्यांच्या कायद्यात त्यानंतरही राहिला.