जॉर्ज बूल : विचारांचें गणित मांडणारा शिक्षक

विद्यार्थिमित्रहो, ज्या घरांत दोन वेळच्या अन्नाचीच विवंचना, त्या घरांतील मुलानें उच्च विद्येची हांव धरूं नये, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत आपल्या चरित्रानें खोटी पाडणाऱ्या पुरुषांत जॉर्ज बूल या आंग्ल गणितज्ञांची गणना अवश्य केली पाहिजे. आज घरोघरीं दिसणारा संगणक तर्काच्या ज्या नियमांवर चालतो, त्यांचा पाया या गृहस्थांनीं संगणक जन्मास येण्यापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें घालून ठेविला होता.

इंग्लंडांतील लिंकन या गांवीं ता. २ नोव्हेंबर १८१५ रोजीं जॉर्जचा जन्म झाला. वडील जॉन बूल जोडे शिवण्याचा धंदा करीत; परंतु त्यांचें चित्त जोड्यांपेक्षां दुर्बिणी व भिंगें यांतच अधिक रमे. ईश्वराची सृष्टि भक्तिभावानें पाहूं इच्छिणाऱ्यानें आंत येऊन आपल्या दुर्बिणींतून पाहावी, अशी सूचना त्यांनीं दुकानाच्या खिडकींत लावली होती, असें सांगतात. अशानें धंदा बसत चालला; पण मुलाच्या मनांत ज्ञानाची गोडी मात्र कायमची रुजली. गणिताचे पहिले धडे त्यास वडिलांनींच दिले. लॅटिन भाषा त्यानें गांवांतील एका पुस्तकविक्या स्नेह्याकडून शिकून घेतली व ग्रीक तर स्वतःच्याच बळावर. चौदाव्या वर्षीं त्यानें केलेलें एका ग्रीक कवितेचें भाषांतर गांवच्या वर्तमानपत्रांत छापून आलें, तेव्हां एवढ्या लहान मुलाच्या हातून हें होणें शक्य नाहीं, असा जाहीर आक्षेप एका शिक्षकानें घेतला!

१८३१ सालीं वडिलांचा धंदा पार बुडाला. आईबाप व तीन धाकटीं भावंडें यांचा भार सोळा वर्षांच्या जॉर्जवर येऊन पडला. तो डॉन्कॅस्टर येथें एका शाळेंत साहाय्यक शिक्षक म्हणून राहिला आणि एकोणिसाव्या वर्षीं त्यानें लिंकन येथें स्वतःची शाळा काढली. दिवसभर मुलांना शिकवावें व रात्रीं स्वतः शिकावें, असा त्याचा क्रम असे. पुस्तकांसाठीं पैसा थोडा. परंतु गणिताचें एक पुस्तक घेतलें, तर तें इतर पुस्तकांपेक्षां पुष्कळ अधिक दिवस पुरतें, हा हिशेब त्यास पटला. लाग्रांज व लाप्लास या फ्रेंच गणितज्ञांचे कठीण ग्रंथ त्यानें मूळ भाषेंत वाचले. केंब्रिज येथें जाऊन रीतसर पदवी घ्यावी, असाहि विचार निघाला होता. पण आपण विद्यार्थी झालों, तर आईबापांस कोणीं पोसावें? बूल यांनीं पदवीचा मोह सोडला. अभ्यास मात्र सोडला नाहीं.

या अभ्यासाचें फळ लवकरच दिसूं लागलें. १८४० पासून त्यांचे लेख केंब्रिजच्या गणितविषयक नियतकालिकांत येऊं लागले. १८४४ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस सुवर्णपदक दिलें. आणि १८४९ सालीं, कोणतीहि पदवी नसतां, आयर्लंडांतील कॉर्क येथील नव्या क्वीन्स कॉलेजांत गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वडील मात्र आदल्याच वर्षीं वारले होते. मुलाचें हें यश पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

आतां त्यांच्या मुख्य कार्याकडे वळूं. आपल्या देशांत मदुरा येथें जन्मलेले ऑगस्टस डी मॉर्गन व स्कॉटलंडांतील विल्यम हॅमिल्टन यांच्यांत तर्कशास्त्रावरून एक वाद माजला होता. त्या निमित्तानें बूल यांनीं १८४७ सालीं एक लहान पुस्तक लिहिलें, व १८५४ सालीं विचारांच्या नियमांवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील कल्पना अशी : वर्गांतील पोहणारीं मुलें निवडा; त्यांतून पुन्हा पोहणारीं मुलें निवडा; तींच मुलें हातीं राहतात. निवडीस क्ष म्हटलें, तर क्ष × क्ष = क्ष. हें समीकरण ज्यांस लागू पडतें असे अंक दोनच, ० आणि १. म्हणून बूल यांनीं १ म्हणजे सर्व व ० म्हणजे कांहींच नाहीं, असें धरून ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाहीं’ या शब्दांचें बीजगणित रचिलें. त्यांत ‘आणि’ म्हणजे गुणाकार.

याचा उपयोग एका साध्या उदाहरणानें पाहूं. शाळेच्या ग्रंथालयाचा नियम असा समजा : ज्याच्याजवळ ओळखपत्र आहे, आणि ज्यानें मागील पुस्तक परत केलें आहे किंवा गुरुजींची चिठ्ठी आणली आहे, त्यास नवें पुस्तक द्यावें. येथें अटी तीन. प्रत्येकीचें उत्तर होय म्हणजे १, अथवा नाहीं म्हणजे ०. ओळखपत्र नसेल तर पहिला अंक ०. आणि शून्यानें कशासहि गुणलें तरी शून्यच. पुस्तक मिळणार नाहीं. परंतु हाच नियम मांडतांना कंस भलत्या जागीं पडला, पहिल्या दोन अटी एकत्र बांधून चिठ्ठी निराळी राहिली, तर ओळखपत्र नसलेल्या मुलासहि नुसत्या चिठ्ठीवर पुस्तक मिळेल! शब्द तेच, अर्थ मात्र बदलला. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारा शहाणा मनुष्य यंत्रास आज्ञा देण्यापूर्वीं आपल्या अटी कागदावर मांडतो व प्रत्येकीस १ आणि ० घालून तपासून पाहतो. यंत्रास आपल्या मनांतील हेतु कळत नाहीं. सांगितलें तेंच तें करतें.

१८५५ सालीं बूल यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशीं झाला. हिंदुस्थानचे सर्व्हेयर जनरल असलेले जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचें नांव हिमालयाच्या अत्युच्च शिखरास दिलें आहे, ते या बाईंचे चुलते. या दांपत्यास पांच कन्या झाल्या. त्यांपैकीं ॲलिशिया हिनें भूमितींत व लूसी हिनें रसायनशास्त्रांत नांव मिळविलें. १८५७ सालीं बूल रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १८६४ च्या नोव्हेंबरांत एके दिवशीं ते भर पावसांत पायीं कॉलेजांत गेले व ओल्या वस्त्रांनींच त्यांनीं व्याख्यान दिलें. त्यानंतर न्यूमोनिया होऊन ता. ८ डिसेंबर रोजीं, वयाच्या अवघ्या एकुणपन्नासाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या हयातींत हें नवें बीजगणित व्यवहारांत कोणाच्याहि उपयोगीं पडलें नाहीं. पुढें १९३७ सालीं क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधांत दाखवून दिलें कीं, विजेचीं बटणें चालू व बंद होणें म्हणजेच बूल यांचे १ आणि ० होत. तेथून संगणकाची वाट मोकळी झाली. आज प्रोग्रॅम लिहितांना होय किंवा नाहीं एवढेंच सांगणाऱ्या राशीस ‘बूलियन’ म्हणतात, तें या जोडे शिवणाऱ्याच्या मुलाचेंच नांव.

मित्रहो, आपण शिकतों त्याचा उपयोग काय, हा प्रश्न तुमच्या मनांत अनेकदां येत असेल. बूल यांस तर आपल्या श्रमांचा उपयोग अखेरपर्यंत दिसला नाहीं. तरीहि त्यांनीं ते मनापासून केले. आणि पालकांनींहि येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जॉन बूल यांनीं मुलास धन दिलें नाहीं, दुर्बिणींतून पाहावयास शिकविलें. तेवढ्यावर तो मुलगा फार दूरचें पाहूं शकला.