शेगडीनं चकवलेला हर्ट्झ

राउटरच्या खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन आकडे छापलेले असतात. नेट गंडलं की आपण या बँडवरून त्या बँडवर उड्या मारतो, पण त्यातला ‘हर्ट्झ’ हा हाडामांसाचा माणूस होता हे फार कमी वेळा डोक्यात येतं. हाइनरिश हर्ट्झ. जन्म २२ फेब्रुवारी १८५७, जर्मनीतलं हॅम्बुर्ग. आयुष्य जेमतेम ३६ वर्षांचं. तुमच्या हॉलमध्ये रेंज फुल्ल आणि बेडरूमच्या कोपऱ्यात गुल का होते, या प्रश्नाशी जगात सगळ्यात आधी झुंजला तो हाच. गंमत म्हणजे एकदा त्यात तो चांगलाच फसलाही.

वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. पोराला पुस्तकांची आवड होतीच, पण हातालाही स्वस्थता नव्हती. सुतारकाम शिकला, लेथ चालवायला शिकला. पुढे हा प्रोफेसर झाल्याचं कळल्यावर त्याच्या लेथच्या मास्तरांना म्हणे वाईट वाटलं होतं. एवढा चांगला कारागीर वाया गेला!

आधी त्याला इंजिनीअर व्हायचं होतं. फ्रँकफर्टमध्ये बांधकामाच्या ऑफिसात काम, ड्रेस्डेनला थोडं शिक्षण, मग वर्षभर लष्करी सेवा. १८७७ मध्ये इंजिनीअरिंगसाठी म्युनिकला पोचला आणि तिथे त्याचं मन फिरलं. आपल्याला फिजिक्सच करायचंय. ब्रँच बदलायची परवानगी मागणारं पत्र त्यानं घरी धाडलं. वडिलांनी होकार दिला. (सेकंड इयरला ब्रँच बदलू पाहणाऱ्यांनी हे घरी वाचून दाखवायला हरकत नाही.)

पुढच्याच वर्षी तो बर्लिनला हेल्महोल्ट्झ या दादा माणसाच्या हाताखाली गेला. तेव्हा मॅक्सवेलचं एक गणित चर्चेत होतं. वीज आणि चुंबकत्व यांच्या लहरी असतात आणि त्या प्रकाशाच्या वेगानं पळतात, असं ते सांगत होतं. कागदावर एकदम झकास, पण अशी लहर कोणी बनवून, पकडून दाखवली नव्हती. १८७९ मध्ये बर्लिनच्या अकादमीनं याच सिद्धांताशी संबंधित एका प्रश्नावर बक्षीस लावलं. हर्ट्झनं हे काम घ्यावं अशी हेल्महोल्ट्झची इच्छा होती. त्यानं आकडेमोड केली, हाताशी असलेल्या साधनांनी हे जमणार नाही असं ठरवलं आणि सरळ नाही म्हणून सांगितलं. पण प्रश्न डोक्यात राहिला.

तो सुटायला सुरुवात झाली १८८६ मध्ये, कार्ल्सरुहेत. तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेत तो प्रोफेसर होता, नुकतंच लग्न झालं होतं. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या तारेच्या दोन चकत्यांशी खेळताना त्याला दिसलं की एकीत ठिणगी पाडली की शेजारच्या दुसरीतही बारीक ठिणगी उडते. यातून त्यानं जोडी तयार केली. एका बाजूला दोन गोळ्यांमध्ये मोठी ठिणगी, म्हणजे त्याचा राउटर. दुसऱ्या बाजूला तारेचं एक कडं, त्यात केसाएवढी फट. लहर पोचली की त्या फटीत इवलीशी ठिणगी. हा त्याचा फोन, आणि रेंजची दांडी एकच!

ती ठिणगी इतकी बारीक की उजेडात दिसेचना. म्हणून त्यानं कड्याची फट काळोख्या डबीत बसवली. झालं भलतंच. डबी लावली की ठिणगी आणखी लहान व्हायची.

अशा वेळी आपण काय करतो? राउटर रीस्टार्ट, प्रिंटर अनइन्स्टॉल, केबल काढ-घाल, सगळं एका दमात. चाललं तर कशामुळे चाललं ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. हर्ट्झनं लहरींचं काम बाजूला ठेवून १८८७ मधले काही महिने या डबीलाच दिले. आधी डबीचा नेमका कोणता भाग नडतोय ते पाहिलं. मोठ्या ठिणगीच्या समोर येणारी बाजूच तेवढी गुन्हेगार निघाली. मग त्या जागी एकेक वस्तू धरली. धातू धरला, ठिणगी लहान. वीज न वाहणारी वस्तू धरली, तरी लहानच. म्हणजे भानगड विजेची नाही. काच धरली, ठिणगी लहान. स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा तुकडा धरला तर ठिणगी पुन्हा मोठी! काच अडवते पण क्वार्ट्झ अडवत नाही, असं काय असतं? डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश. मोठ्या ठिणगीतला अतिनील प्रकाश छोट्या ठिणगीला हात देत होता आणि डबी तो अडवत होती. हर्ट्झनं हे छापलं आणि तो आपल्या लहरींकडे परतला. हाच तो फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट. आइनस्टाइननं १९०५ मध्ये त्याचं स्पष्टीकरण दिलं, आणि त्याचं नोबेलही त्यासाठीच जाहीर झालं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही त्याची सवय चार जणांच्या फ्लॅटमधल्या सामायिक प्रिंटरला जशीच्या तशी लागू पडते. उद्या जर्नल सबमिट करायचंय आणि स्क्रीनवर प्रिंटर ऑफलाइन. पहिला प्रश्न एकच, दोष लहरींचा आहे की नाही? प्रिंटर उचलून राउटरच्या शेजारी ठेवा, बाकी कशाला हात लावू नका. चालला, तर जागा चुकीची होती. तरीही ऑफलाइन, तर लहरी निर्दोष, गुन्हेगार दुसरीकडे शोधायचा. लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर असेल तर त्याला सहसा घरातली इतर उपकरणं दिसतच नाहीत. बरेच प्रिंटर फक्त २.४ वर बोलतात, त्यांना ५ चं नाव दिलं तर ते बघतही नाहीत. आणि सगळ्यात जास्त छळणारा प्रकार म्हणजे लाइट जाऊन आली की राउटर प्रिंटरला नवा पत्ता देऊन मोकळा होतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला की ही कटकट बहुतेक वेळा संपते.

आता हर्ट्झच्या मोठ्या प्रयोगाकडे. त्याचा लेक्चर हॉल सुमारे १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद. एका भिंतीवर त्यानं ४ मीटर उंचीचा जस्ताचा पत्रा लावला. समोरून आलेली लहर पत्र्यावर आपटून परतायची आणि येणाऱ्या लहरीत मिसळायची. कडं हातात धरून हॉलभर फिरताना काही ठिकाणी ठिणगी झकास, काही ठिकाणी गायब. जगातले पहिले नीट मोजलेले डेड स्पॉट! तुमच्या घरात हेच होतं, फक्त मापं लहान. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, म्हणून कधीकधी लॅपटॉप वीतभर सरकवला तरी रेंज बदलते.

१८८८ च्या अखेरीस त्यानं लहर ६६ सेंटिमीटरवर आणली आणि जस्ताचे दोन मीटर उंच वाकडे आरसे करून तिचा झोत तयार केला. लाकडी दारातून झोत बिनदिक्कत पलीकडच्या खोलीत जायचा. पत्र्यावरून परत फिरायचा. मध्ये माणूस आला की ठिणगी विझायची, माणूस बाजूला झाला की पुन्हा पेटायची. घेणारा आरसा आडवा केला की सगळंच बंद. प्रकाशासारखी ही लहर वाकतेही, हे दाखवायला त्यानं डांबरासारख्या पदार्थाचा सुमारे ६०० किलोचा प्रिझम ओतला. आपल्याला यातून फुकटात मिळालेली माहिती अशी की राउटर गोदरेजच्या कपाटामागे ठेवू नये, फिश टँकच्या आड ठेवू नये आणि त्याच्या काड्या कशाही मुरगळू नयेत.

पण हे सगळं जमत असताना एक काटा त्याला सलत होता. मॅक्सवेल बरोबर असेल तर लहर हवेतून आणि तारेवरून जवळजवळ सारख्याच वेगानं जायला हवी. हर्ट्झच्या मोठ्या लहरींची मोजणी सांगत होती, हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख २० हजार किलोमीटर आणि तारेवर फक्त २ लाख. हा फरक खरा असता तर जो सिद्धांत सिद्ध करायला तो निघाला होता त्यालाच तडा गेला असता. पुन्हा मोजलं, फरक तसाच. आकडा लपवणं सोपं होतं. लहरी तर सापडल्याच होत्या, कौतुक सुरू झालं होतं. त्यानं तो तसाच्या तसा छापला.

चूक कुठे होती? हॉलमध्ये. लोखंडी खांब, भिंती आणि तारेपासून हाकेच्या अंतरावर उभी असलेली, खोली गरम करायची लोखंडी शेगडी. लहरी त्यांच्यावरूनही उलटत होत्या आणि मोजणी बिघडवत होत्या. ज्यानं पत्र्यावरून लहर उलटते हे जगाला दाखवलं, त्याच्या ध्यानात आपल्याच खोलीतली शेगडी आली नाही. १८९२ मध्ये आपले सगळे निबंध पुस्तकरूपानं काढताना त्यानं प्रस्तावनेत हे मोकळेपणानं लिहिलं. मला विचाराल तर हा माणूस इथे सगळ्यात मोठा वाटतो. साराझँ आणि द ला रिव्ह या दोघांनी जीनिव्हातल्या एका खूप मोठ्या दालनात प्रयोग पुन्हा केला, भिंती लांब गेल्या आणि १८९३ मध्ये दोन्ही वेग जुळले.

तोवर हर्ट्झ बॉनला प्रोफेसर होता आणि तब्येत पार ढासळली होती. भयंकर डोकेदुखी, नाका-कानाचे विकार, ऑपरेशनं. १ जानेवारी १८९४ ला तो गेला. मागे पत्नी एलिझाबेथ आणि दोन लहान मुली.

या लहरींवरून निरोप धाडता येतील असं त्याला वाटलं नव्हतं. १८८९ मध्ये एका इंजिनीअरनं त्याला पत्रातून विचारलं होतं, टेलिफोनचा आवाज असा पाठवता येईल का? हर्ट्झनं हिशेब मांडला. आवाजाची कंपनं इतकी संथ की लहर ३०० किलोमीटर लांब होईल आणि आरसा खंडाएवढा लागेल. हिशेब बिनचूक होता. संथ आवाज वेगवान लहरीच्या पाठीवर बसवायची युक्ती यायला अजून अवकाश होता.

तो गेला त्याच वर्षी इटलीत मार्कोनीनं त्याच्या कामाबद्दल वाचलं आणि कामाला लागला. आणि कोलकात्यात, प्रेसिडेन्सी कॉलेजात, जगदीशचंद्र बोस यांनी हर्ट्झचे प्रयोग हाती घेतले. त्यांच्याकडे मोठा हॉल नव्हता. त्यांनी लहरच लहान केली, थेट काही मिलिमीटरची. ज्या कामाला हर्ट्झला ६०० किलोचा प्रिझम लागला, ते बोस यांच्या टेबलावरच्या छोट्याशा पेटीत मावलं.