करायला गेला कोयनेल!

अकरावीला मी विज्ञान शाखेत होतो, हे आमच्या वर्गात फार थोड्यांना ठाऊक आहे. वडिलांची तशी इच्छा होती. मला ते झेपले नाही आणि मी कला शाखेत आलो. प्रयोगशाळेतले बाकी सारे विसरलो, पण विल्यम हेन्री पर्किन हे नाव विसरलो नाही. कारण त्याच्याही घरी हाच तंटा होता, फक्त उलट बाजूने.

पर्किन १२ मार्च १८३८ रोजी लंडनमध्ये जन्मला. वडील सुतारकाम व घरबांधणी करीत. मुलाने वास्तुशिल्पी व्हावे असे त्यांना वाटे. शाळेत रसायनशास्त्राची व्याख्याने जेवणाच्या सुट्टीत होत; हा पोरगा जेवण सोडून तिथे जाऊन बसे. अखेर वडील नमले आणि पंधराव्या वर्षी तो रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत हॉफमान या जर्मन प्राध्यापकांच्या हाताखाली दाखल झाला.

त्या काळी हिवतापावर खात्रीचे औषध म्हणजे कोयनेल. ते सिंकोना झाडाच्या सालीतून निघे व महाग पडे. हिंदुस्थानसारख्या वसाहतींत इंग्रजांना तर त्याची फार गरज. कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या नायट्रोजनयुक्त पदार्थांपासून ते करता येईल, अशी हॉफमान यांची कल्पना होती. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत पर्किनने घरच्या प्रयोगशाळेत ते मनावर घेतले. गणित सरळ होते. अ‍ॅलिल टोल्युइडीनच्या दोन रेणूंत कार्बन २०, हायड्रोजन २६, नायट्रोजन २. त्यांत ऑक्सिजनचे ३ अणू घालायचे, पाण्याचा एक रेणू काढून टाकायचा, की उरले कोयनेल! बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. पण ‘कविता’ आणि ‘विकता’ यांत अक्षरे तीच, म्हणून अर्थ एक होतो काय? कोयनेलच्या रेणूत अणूंची मांडणी कशी आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

हाती आला तांबूस-तपकिरी गाळ. दुसऱ्या कोणी तो फेकला असता. पर्किनने हाच प्रयोग अधिक साध्या अ‍ॅनिलीनवर केला, तर काळा साका मिळाला. तो अल्कोहोलमध्ये विरघळवला आणि झळाळता जांभळा रंग उतरला! रेशमावर तो पक्का बसला. साबणाने जाईना, उन्हाने विटेना. करायला गेला गणपती नि झाला मारुती, पण हा मारुती भलताच पावला.

ऑगस्टमध्ये पेटंट घेतले तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. तो कॉलेज सोडतो म्हणून हॉफमान नाराज झाले. वडिलांनी मात्र जन्माची पुंजी ओतली. भाऊही मदतीला आला. १८५७ मध्ये लंडनजवळ ग्रीनफर्ड येथे कारखाना निघाला. अ‍ॅनिलीन बाजारात मिळत नसे, तेही स्वतःच करावे लागे. १८५८ साली खुद्द व्हिक्टोरिया राणी मुलीच्या लग्नात जांभळ्या पोशाखात मिरवली, मग मागणीला काय तोटा!

१८७४ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, कारखाना विकून तो पुन्हा संशोधनाकडे वळला. १९०६ साली ‘सर’ झाला, १४ जुलै १९०७ ला वारला. कोयनेलच्या संश्लेषणाची वाट वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी दाखवली ती १९४४ मध्ये. त्या जांभळ्या रंगाच्या रेणूंची खरी रचना तर १९९४ साली कळली. अ‍ॅनिलीनमध्ये टोल्युइडीनची भेसळ होती म्हणूनच तो रंग जमला होता.

परवा ही हकिगत वडिलांना सांगितली. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, त्याच्या बापाचे पैसे परत मिळाले ना?