पाळण्याजवळचा शास्त्रज्ञ

चार्ल्स डार्विन म्हटले की उत्क्रांतीचा सिद्धान्त आठवतो. परंतु सजीवसृष्टीचे कोडे उलगडू पाहणाऱ्या या शास्त्रज्ञाने एका तान्ह्या बाळाचेही तितक्याच एकाग्रतेने निरीक्षण केले होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूसबरी येथे झाला. १८३१ ते १८३६ या काळात 'बीगल' जहाजातून त्यांनी जगप्रवास केला. १८३९ च्या जानेवारीत एमा वेजवुड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला त्यांचा पहिला मुलगा विल्यम जन्मला. त्या दिवसापासून डार्विन यांनी त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवण्यास आरंभ केला.

प्रारंभी बाळाची भाषा म्हणजे केवळ रडणे. मात्र अकराव्या आठवड्याच्या सुमारास भुकेचे रडणे निराळे आणि वेदनेचे निराळे, हे पित्याच्या ध्यानी आले. सेहेचाळिसाव्या दिवशी बाळ स्वतःच्याच आनंदासाठी अर्थहीन आवाज काढू लागले होते. साडेपाच महिन्यांचे असताना त्याने 'दा' हा स्पष्ट ध्वनी उच्चारला. पण त्यालाही काही अर्थ नव्हता. सातव्या महिन्यात दाईचे नाव घेताच ते तिला शोधू लागले. बोलता येण्यापूर्वीच त्याला शब्द समजू लागले होते. वर्ष पूर्ण होताच त्याने अन्नासाठी 'मम' हा शब्द स्वतःच घडवला. आता भूक लागली की ते रडत नसे. 'मम' म्हणून खाऊ मागत असे.

'द डिसेंट ऑफ मॅन' या १८७१ च्या ग्रंथात डार्विन यांनी मत मांडले, की बोलण्याची प्रवृत्ती माणसात उपजत असते. प्रत्येक भाषा मात्र शिकावी लागते. विल्यमविषयीच्या नोंदी त्यांनी तब्बल सदतीस वर्षांनी, १८७७ मध्ये, 'माइंड' या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. १९ एप्रिल १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

एकाच बाळावरून सर्व बालकांविषयी नियम सांगता येत नाही. पुढील संशोधकांनी असंख्य बालकांचा अभ्यास केला. नवजात बालक आईचा आवाज ओळखते, हेही आता सिद्ध झाले आहे. म्हणून ज्याला अद्याप बोलता येत नाही, त्याच्याशीही प्रेमाने बोलत राहावे. उत्तर मिळत नसले, तरी ते ऐकत असते आणि शिकत असते.