नील्स फिन्सेन: प्रकाशाला औषध बनवणारे डॉक्टर

डेंटल इम्प्लांटनंतर जखम लवकर भरावी म्हणून तुम्हाला लाइट थेरपी सुचवली आहे का? मग प्रकाशोपचाराचा पाया घालणाऱ्या या डॉक्टरांची माहिती तुम्हाला उपयोगी पडेल.

नील्स फिन्सेन यांचा जन्म १८६० मध्ये फॅरो बेटांवर झाला. कोपनहेगनला शिकत असतानाच त्यांना गंभीर आजार जडला. सतत थकवा येई. उन्हाने बरे वाटेल का, या विचारातून ते प्रकाशाच्या अभ्यासाकडे वळले.

त्या काळी त्वचेच्या क्षयरोगाने रुग्णांचे चेहरे विद्रूप होत. १८९५ पासून फिन्सेन यांनी कार्बन आर्क दिव्याचा प्रकाश भिंगांतून रोगट त्वचेवर एकवटला. त्वचा भाजू नये म्हणून तो पाण्यातून गार केला जाई. उपचार अनेक महिने चालत, पण बरेच रुग्ण बरे झाले. १९०३ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. मात्र त्यांचा स्वतःचा आजार प्रकाशाने बरा झाला नाही. १९०४ मध्ये, अवघ्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तुमच्यासाठी महत्त्वाचे

फिन्सेन यांचा उपचार कार्बन आर्क दिव्याच्या प्रकाशाचा होता. इम्प्लांटनंतर सहसा लाल किंवा अवरक्त प्रकाश वापरतात. त्याने सूज व वेदना कमी होऊ शकतात, पण इम्प्लांट हाडात लवकर पक्के बसते याचे पुरावे अजून पुरेसे नाहीत. म्हणून हा पूरक उपचार समजा. औषधे, तोंडाची स्वच्छता आणि तंबाखूबंदी सोडू नका. वेदना वाढल्यास, पू आल्यास किंवा इम्प्लांट हलल्यास लगेच डेंटिस्टना दाखवा.